डायरेक्ट करून देऊ?

जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन-चार चकरा मारल्या की एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडे गाडी विकतात ते फक्त डॉक्टर, प्राध्यापक आणि शाळेतल्या बाई. बाकी कुणी गाडी विकतच नाही. स्पीडब्रेकरवरून गाडी उडवणारे, क्लचवर पाय ठेवून अख्खा कात्रज घाट चढणारे, चिखलातून निम्मं वऱ्हाड नेणारे, हे सगळे लोक आपापली गाडी बहुधा शेवटच्या श्वासापर्यंत वापरतात. (गाडीच्या किंवा स्वतःच्या, जो आधी सुटेल तो.) एजंटाकडे येते ती गाडी मात्र कायम घर ते दवाखाना चाललेली, रविवारी बंद असलेली आणि वर्षातून एकदा कुलदैवताला जाऊन आलेली असते.

आमचीही डॉक्टरांचीच निघाली. "सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी, एक रुपयाचं काम नाही," असं एका दमात म्हणून एजंटाने पुढच्या टायरला लाथ मारली. बरोबर आलेल्या मेहुण्याने मागच्या टायरला मारली. लाथेवरून टायरचं काय कळतं हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही, पण विकणारा आणि घेणारा दोघांनी मारल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. मग बॉनेट उघडलं गेलं. मेहुण्याने कमरेवर हात ठेवून आत पाहिलं आणि "इंजिन ड्राय आहे" असा निकाल दिला. आदल्या संध्याकाळी डिझेल मारून धुतलेलं इंजिन ड्राय नसेल तर काय होईल? पण त्या क्षणी एजंटाच्या चेहऱ्यावर मेहुण्याविषयी जो आदर दाटून आला, त्याची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली होती.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. सांगितलं की वाचणाऱ्यांतले निम्मे "ती घ्यायलाच नको होती" म्हणतील आणि उरलेले "माझ्याकडे तीच आहे, काही त्रास नाही" म्हणतील. शिवाय यात कंपनीचा काही दोषही नव्हता. कंपनीने दिलं होतं ते सगळं व्यवस्थित होतं. नंतरच्या लोकांनी ते काढून टाकलं.

मीटरवर नऊ वर्षांत ४१ हजार किलोमीटर. "रनिंग बघा ना साहेब," एजंट म्हणाला. आता रनिंग कमी असणं हा आपल्याकडे मोठा गुण समजला जातो. डॉक्टरांचं घर ते दवाखाना अंतर दीड किलोमीटर. म्हणजे इंजिनाला घाम फुटायच्या आत डॉक्टर खुर्चीत. इंजिन थंड असताना आत पाण्याची वाफ धरते, थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं, आणि ते उडून जायला इंजिन चांगलं गरम होऊन बराच वेळ चालावं लागतं. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं परत भरायलासुद्धा दीड किलोमीटर पुरत नाही. सायलेन्सरमधलं पाणी बाहेर पडायच्या आत गाडी बंद होते आणि तो आतून गंजत बसतो. त्यापेक्षा पुणे-नाशिक सारख्या फेऱ्या मारणाऱ्या विक्री प्रतिनिधीची लाखभर चाललेली गाडी कधी कधी प्रकृतीने ठणठणीत असते. पण "विक्री प्रतिनिधीची गाडी आहे साहेब" असं कुठला एजंट कधी म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

कागदपत्रांचं काम लवकर उरकलं. २९ नंबरचा फॉर्म, ३० नंबरचा फॉर्म, इन्शुरन्स, पीयूसी, की आरटीओच्या लेखी मालक बदलला. गाडीच्या लेखी तो इतक्यात बदलत नाही. जुन्या घरातल्या सवयी घेऊन ती आलेली असते. आमच्या गाडीची मागची डावी काच आपली आपण खाली जायची, वर येताना तिला तळहाताचा आधार लागायचा. रिव्हर्स टाकायच्या आधी एकदा पहिला गिअर दाखवावा लागायचा, त्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे. डिकी उघडायला किल्ली नुसती फिरवून भागत नसे, कुल्ल्याने एक हलका धक्का द्यावा लागे. या गोष्टींची नोंद आरसी बुकात नसते. एखाद्या पाहुण्याला गाडी दिली की त्याला या सगळ्या पथ्यांची यादी सांगताना आपण सासू झाल्यासारखं वाटतं.

आणि एक फॅन होता. किल्ली अर्धी फिरवली, इंजिन अजून सुरूही केलेलं नाही, तोच पुढून घोंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा. सोसायटीत पहिल्या सकाळी तीन गॅलऱ्यांत माणसं आली. मेहुणा म्हणाला, "बघ, कूलिंग किती स्ट्राँग आहे." वास्तविक रेडिएटरचा फॅन सुरू व्हायचा तो इंजिनातलं पाणी साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तापल्यावर. मग दोन-तीन मिनिटं फिरून, पाणी निवलं की गप्प बसायचं, असा त्याचा शांत स्वभाव. थंडीतल्या सकाळी सात वाजता, गार इंजिनावर, दारात उभ्या गाडीत त्याने घोंघावायचं काही कारण नव्हतं. नाक्यावरच्या वायरमनला दाखवलं तर त्याने बॉनेटखाली डोकंही घातलं नाही. लांबूनच आवाज ऐकला आणि म्हणाला, "डायरेक्ट केलाय."

डायरेक्ट करणं ही आपल्या गॅरेजांतली एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. बटण बिघडलं, डायरेक्ट. रिले उडाला, डायरेक्ट. सेन्सर उलटसुलट सांगायला लागला की त्याला विचारणंच बंद करायचं आणि दोन वायरी एकमेकींना जोडून वर काळी टेप गुंडाळायची. फ्यूज सारखा जातोय? फ्यूजच्या जागी तांब्याची तार. ही विद्या शेतावरच्या मोटारीच्या स्टार्टरपासून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सगळीकडे चालते. सरकारी कचेरीत जे काम मध्ये कुणीतरी घातल्याशिवाय होत नाही, तेच गॅरेजमध्ये मधला काढून टाकल्यावर होतं. आणि प्रत्येक डायरेक्टबरोबर एक वाक्य येतंच: "सध्या तात्पुरतं करून देतो साहेब, नंतर निवांत बघू." तो निवांतपणा कुणाच्या आयुष्यात येत नाही. गाडी विकली जाते, पुन्हा विकली जाते. कंपनीने लावलेला रंग उडतो, रबर कडक होतं, सीटचा फोम बसतो, पण तात्पुरतं केलेलं जागचं हलत नाही. जुन्या गाडीतला सर्वात टिकाऊ भाग कोणता असं मला विचाराल तर मी काळी टेप सांगेन.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये असलं काही करत नाहीत, हे कबूल. तिथे एसी हॉल असतो, मशीनची कॉफी असते, टाय लावलेला एक मुलगा असतो आणि तो टॅबवर बोट फिरवत अतिशय हळुवार आवाजात "सर, असेंब्ली चेंज करावी लागेल" असं म्हणतो. फॅनची वायर सैल आहे म्हणून गेलात तर फॅन, मोटर, जाळी, चौकट असा पुढचा अख्खा संसार नवा घ्यायचा. म्हणजे एक पंथ पार्ट काढून टाकणाऱ्यांचा आणि दुसरा पंथ सगळंच बदलणाऱ्यांचा. दुरुस्ती नावाचा प्रकार या दोघांच्या मधल्या एका अरुंद बोळात उरलाय आणि तिथे पार्किंग नाही.

वायरमनने विचारलं, "नीट करायचा का? हार्नेस उघडावा लागेल." तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "चालू आहे तर कशाला हात लावायचा?" हे वाक्यही आपल्याकडचं फार जुनं आहे आणि त्याच्या बळावर कित्येक पूल उभे आहेत. फॅन घोंघावत राहिला.

मे महिन्यात साताऱ्याला लग्न निघालं. घरचंच कार्य, त्यामुळे मुहूर्ताच्या आधी पोचणं भाग. गाडीत पुढे मी आणि मेहुणा, मागे बायको, मुलगी आणि मधोमध आत्या. आत्या पैठणीत. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंडाळा मागे पडलं की खंबाटकीचा घाट चढावा लागायचा. येताना बोगदा, जाताना घाट, अशी तिथली विभागणी. लग्नसराईतला शनिवार, त्यामुळे घाटात कंटेनर, एसट्या, वऱ्हाडाच्या बसेस आणि आमच्यासारखे शेकडो जण पहिल्या गिअरमध्ये एकमेकांचं बूड बघत चाललेले. कडेला दर पन्नास पावलांवर एक गाडी बॉनेट उघडून उभी.

आत्या म्हणाली, "एसी बंद केलास का रे?"

मी बंद केला नव्हता. एसी चालू होता, फक्त त्यातून गरम वारा येत होता. एसीच्या पुढच्या जाळीलाही तोच फॅन गार करतो, तेव्हा फॅन गेला की आधी एसी बोंब मारतो आणि मागोमाग इंजिन. आणि मग जाणवलं की गाडीत शांतता आहे. ते घोंघावणं थांबलं होतं. आजवर ज्या आवाजाला शिव्या दिल्या त्याच्यासाठी माझे कान आसुसले. तापमानाचा काटा एरवी अर्ध्याच्याही खाली झोपलेला असायचा, तो उठून लाल पट्ट्याकडे निघाला होता.

गाडी कडेला घेतली. घाटात गाडी थांबली की माणसं कुठून येतात हा एक संशोधनाचा विषय आहे. बॉनेट उघडेपर्यंत पाच जण जमले. एकाने हातरुमाल गुंडाळून रेडिएटरची कॅप फिरवायला घेतली. त्याला मी अक्षरशः दंडाला धरून मागे ओढलं. ती कॅप आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवते, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप सैल केली की दाब सुटतो आणि उकळतं पाणी वाफेसकट तोंडावर येतं. दुसऱ्याने बाटलीतलं गार पाणी थेट इंजिनावर ओतायची तयारी केली होती. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की त्याला तडा जाऊ शकतो, हे त्याला सांगितल्यावर तो दुखावला आणि ते पाणी त्याने स्वतःच पिऊन टाकलं. तिसरा म्हणाला, "गाडी कितीला घेतली?" रस्त्यात गाडी बंद पडली असताना हा प्रश्न विचारणारा एक माणूस प्रत्येक घाटात नेमलेला असतो.

मेहुण्याने काकांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, गाडी तापलीय."

"कुठे?"

"खंबाटकीत."

"तिथे तापतेच. पंपावर ओला फडका ठेव."

काकांचा आधार घेण्यामागे परंपरा आहे. काकांकडे फियाट होती. १९७० च्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे तीस वर्षांच्या आसपास ती याच नावाने बाहेर पडत राहिली, पण काकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा काकांनी आम्हाला सगळ्यांना ती बातमी पाठवली आणि खाली "संपलं" असा एकच शब्द लिहिला. त्या पिढीतला प्रत्येक गाडीवाला अर्धा मिस्त्री होता. त्या काळच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटून बसवलेला असे. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप वाफ ओढत बसायचा आणि गाडी आचके देऊन थांबायची. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. निवलं की चालली. बोरघाटात लोक शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून नाणं टाकत. ब्रिटिशांना घाटातली वाट दाखवणाऱ्या त्या धनगरावर श्रद्धा होतीच, पण रेडिएटरलाही नेमकी तिथेच विश्रांती लागायची. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि बॉनेट न उघडताही माणूस गाडी बाळगू शकतो ही कल्पना देशात रुजली. काकांना ती अजून मान्य नाही.

"काका, हिचा पंप पुढे नसतो. टाकीत असतो, मागच्या सीटच्या खाली."

"मागच्या सीटवर कोण आहे?"

"आत्या."

काकांनी क्षणभर विचार केला. "मग आक्काला उठव की."

"मी उठायची नाही," आत्या स्पीकरकडे तोंड करून म्हणाली. "आणि फडकंबिडकं माझ्या पैठणीखाली घालाल तर बघा."

अखेर सुटका केली ती एका ट्रक ड्रायव्हरने. शेजारच्या रांगेतून त्याचा ट्रक मुंगीच्या पावलांनी सरकत होता. तो खाली उतरला नाही, गाडी कितीला घेतली हेही त्याने विचारलं नाही. वरूनच ओरडला, "एसी बंद! हीटर फुल्ल सोडा! काचा खाली!" आणि पुढे गेला. उपाय शास्त्रशुद्ध होता. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनातलं तापलेलं पाणी त्यातून फिरतं आणि त्याची उष्णता पंख्याने आत फेकली जाते. म्हणजे इंजिनाचा ताप थोडा कमी होतो. जातो कुठे, तर गाडीत बसलेल्यांच्या अंगावर.

काटा जरा खाली येईपर्यंत आम्ही थांबलो आणि मग निघालो. मे महिना, दुपारचे बारा, खंबाटकीचा घाट आणि हीटर फुल्ल. मागची डावी काच नेहमीप्रमाणे आपली आपण खाली गेली, त्या दिवशी तिला कुणी बोललं नाही. मुलीने बूट काढून पाय सीटवर घेतले. बायकोने निमंत्रणपत्रिकेने वारा घ्यायला सुरुवात केली, पण ती पत्रिकाही कोमट वाराच ढकलत होती. आत्याच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं. मेहुणा दर मिनिटाला काट्याकडे बघून "उतरतोय, उतरतोय" म्हणत होता आणि त्याच्या हनुवटीवरून घामाचे थेंब गिअरवर पडत होते. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतली माणसं काचा घट्ट लावून, एसीत बसून आमच्याकडे पाहत होती. वरच्या वळणापलीकडे उतार लागला, गाडीने वेग घेतला, पुढून वारा मिळाला आणि काटा जागेवर गेला. कार्यालयाच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा अत्तर लावायला उभ्या असलेल्या मुलीने आमच्याकडे पाहून अत्तरदाणी मागे घेतली आणि गुलाबपाणी जास्त मारलं.

पुण्यात परतल्यावर मी मिस्त्री बदलला. हा मिस्त्री त्या अरुंद बोळातला, पार्किंग नसलेला. त्याने बॉनेट उघडलं, आत दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "हे कुणी केलंय?"

हे वाक्य प्रत्येक मिस्त्री म्हणतो. आधीच्या मिस्त्रीने केलेल्या कामाबद्दल आपल्या मिस्त्रीच्या तोंडून चांगला शब्द निघाल्याचं उदाहरण मला माहीत नाही. डॉक्टर मंडळी दुसऱ्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन वाचून गप्प बसतात, वकील विरुद्ध बाजूच्या वकिलाला "माझे विद्वान मित्र" म्हणतात. मिस्त्री मात्र थेट "याला पाना कुणी दिला हातात?" असंच विचारतो. पण या मिस्त्रीचं वेगळेपण असं की त्याला उत्तर हवं होतं. तो खरोखरच शोधायला बसला.

फॅनची मोटर जळाली होती, कारण ती किल्ली फिरल्यापासून बंद होईपर्यंत अखंड फिरायची आणि तिचे ब्रश झिजून गेले होते. अखंड का फिरायची? डायरेक्ट केली होती. डायरेक्ट का केली? गाडी रहदारीत तापायची म्हणून. का तापायची? त्याने रेडिएटर खाली उतरवून उलटा केला. आतून चहाच्या रंगाचं पाणी आणि पांढऱ्या खपल्या पडल्या. कूलंट नावाचा पदार्थ त्या गाडीने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कुणीतरी सोसायटीच्या नळाला नळी लावून बोअरचं पाणी भरत आलं होतं, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला जे होतं तेच रेडिएटरच्या नळ्यांना झालं होतं. मग त्याने थर्मोस्टॅटची जागा उघडली. आत थर्मोस्टॅट नव्हता. रिकामी डबी, तिला व्यवस्थित बोल्ट मारलेले.

थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटी झडप. तिच्या पोटात मेण असतं. ते ८० - ९० अंशांना वितळून फुगलं की झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं, तोवर पाणी इंजिनातच फिरून इंजिन लवकर गरम होतं. खपल्यांनी ती अडकली असणार, गाडी तापली असणार, आणि तेव्हाच्या मिस्त्रीने "याची आपल्या हवामानात गरजच नाही" असं म्हणून ती काढून फेकली असणार. हा सिद्धान्त आपल्याकडे कोकणापासून विदर्भापर्यंत ऐकू येतो. चंद्रपूरला मे महिन्यात तो पटतोही.

इथे माझा भाचा पुढे सरसावला. तो इंजिनीअरिंगला आहे. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढं स्कॅनर खोचलं आणि मोबाइलवर वाचून दाखवलं, "पी ०१२८. इंजिन पुरेसं तापत नाहीये."

मिस्त्रीने हातातला दहाचा पाना खाली ठेवला. "इंजिन तापत नाही?"

"असं म्हणतंय."

"मग खंबाटकीत काय तापलं?"

"आत्या," मेहुणा म्हणाला.

भाच्याचं यंत्र चुकत नव्हतं. थर्मोस्टॅट नसल्यामुळे मोकळ्या रस्त्यावर इंजिन कायम कोमट राहायचं. काटा खाली झोपलेला असायचा तो त्यामुळे. गाडीचा संगणक बिचारा समजायचा की इंजिन अजून थंडच आहे, म्हणून पेट्रोल जास्त सोडायचा, आणि आम्ही पंपावर उभे राहून "ॲव्हरेज का पडलं" यावर चर्चा करायचो. पण असं काही झालं की मीटरमधला इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागायला हवा. तो लागत नव्हता. किल्ली ऑन केली की बॅटरीचा, ऑइलचा, हँडब्रेकचा असे सगळे दिवे क्षणभर उजळायचे, हा पिवळा तेवढा नाही. मेहुण्याने याचा अर्थ इंजिन निरोगी आहे असा लावला होता. मिस्त्रीने मीटर बाहेर काढला. पिवळ्या दिव्याच्या जागी मागून काळी टेप चिकटवलेली होती. नीट कापून, चारही कोपरे गोल करून. कुणीतरी हे काम मन लावून केलं होतं.

मी डॉक्टरांना फोन केला. भांडायला नाही, निव्वळ इतिहासाची आवड म्हणून. डॉक्टर अतिशय सज्जन माणूस. म्हणाले, "आमच्याकडे असताना कधी तापली नाही हो." हे शंभर टक्के खरं असणार. दीड किलोमीटरमध्ये ती तापायला सुरुवात करायच्या आत दवाखाना यायचा. दिव्याचं विचारलं तर म्हणाले, "हां, तो एक दिवा सारखा लागायचा. आमच्या ड्रायव्हरने बंद करून आणला." मग जरा थांबून, "पुन्हा लागला का?" असं त्यांनी ज्या काळजीने विचारलं, त्यावर मला काही बोलता आलं नाही. पेशंटला अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करायला बजावणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीला आयुष्यभर फक्त क्रोसिनवर ठेवलं होतं.

सगळ्याच्या मुळाशी काय निघालं म्हणाल तर होजची क्लिप. पाण्याच्या रबरी पाइपावर बसते ती. वडापाव आणि चहा यांच्या दरम्यान कुठेतरी तिची किंमत. ती सैल होती, तिथून थेंब थेंब कूलंट गळायचं, ते भरून काढायला बोअरचं पाणी, पाण्याने खपल्या, खपल्यांनी झडप अडकली, म्हणून झडप काढली, म्हणून दिवा लागला, म्हणून दिव्यावर टेप, तरी रहदारीत तापते म्हणून फॅन डायरेक्ट. प्रत्येकाने आपापल्या परीने गाडी चालू करून दिली होती. क्लिप तेवढी कुणी आवळली नव्हती. मिस्त्रीने ती आवळून बघितली, तिचे आटे गेले होते, म्हणून नवी लावली.

बाकीचं सामान नाना पेठेतून आणलं. तिथल्या काउंटरवर गाडीचं मॉडेल सांगितलं की पलीकडून "ओरिजिनल देऊ, लोकल देऊ, की जुना बघू?" असा प्रश्न येतो आणि तो विचारताना माणूस पार्टकडे न बघता आपल्या चपलांकडे बघतो. थर्मोस्टॅट आला, फॅनची मोटर आली, रिले आला, कूलंट आलं. रेडिएटर रॉडिंगला दिला. वायरमन येऊन हार्नेस उघडून बसला आणि त्याच्या पायाशी काळ्या टेपचा एवढा ढीग झाला की तो म्हणाला, "एवढी टेप तर मी महिन्याला आणत नाही." संध्याकाळी गाडी सुरू झाली. फॅन गप्प. आम्ही सगळे बॉनेटभोवती उभे राहून वाट बघत होतो. काटा अर्ध्यावर आला, थबकला, आणि मग फॅन आपणहून सुरू झाला, थोडा वेळ फिरला आणि थांबला. मिस्त्रीचा हेल्पर म्हणाला, "हा असा असतो होय!" तो दोन वर्षं त्या गॅरेजात होता.

बिल बऱ्यापैकी झालं. "जुने पार्ट गाडीत ठेवलेत," असं लिहून मिस्त्रीने सही केली. ही त्याची शिस्त. काढलेलं सामान गिऱ्हाइकाला परत, म्हणजे बदललं की नाही ही शंका नको.

त्यानंतर आठवडाभरात मागून आवाज यायला लागला. खडखड. सपाट रस्त्यावर नाही, खड्ड्यात आणि वळणावर. सोसायटीतल्या निवृत्त इंजिनीअरांनी बुश गेल्याचं सांगितलं. भाच्याने फोन मागे ठेवून आवाज रेकॉर्ड केला. काकांनी फोनवर ऐकून पाटे बदल म्हणून सांगितलं. आमच्या गाडीला पाटे नाहीत. शेवटी मिस्त्रीकडे नेली. तो शेजारी बसला आणि एक फेरी मारायला लावली. खड्डे शोधावे लागले नाहीत. तिसऱ्या खड्ड्याला त्याने डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "मागचे शॉकअप गेले. दोन्ही."

गॅरेजला परत आलो. हेल्परने जॅक काढायला डिकीला कुल्ल्याने धक्का दिला. जॅकच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत जळालेली फॅनची मोटर, जुना होज आणि ती क्लिप अशी आमची सगळी पुराव्याची सामग्री इकडून तिकडे गडगडत होती. पिशवी बाहेर काढून पुन्हा फेरी मारली. आवाज गायब.

मिस्त्री मुळीच ओशाळला नाही. मागच्या बंपरवर दोन्ही हात ठेवून त्याने गाडी दोनदा खाली दाबली, सोडली, आणि ती वरखाली होत राहिली ते मला बोटाने दाखवत म्हणाला, "पण शॉकअप गेलेतच साहेब."